इकाकोसची कॅटामरान सफर: १९ माणसं, चार आजी-आजोबा आणि पोहता न येणारे निम्मे

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतली चार मराठी कुटुंबं, एकूण १९ माणसं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिकोला निघाली आहेत. पुण्याहून आणि सांगलीहून आलेले आई-बाबा, सासू-सासरे बरोबर आहेत, वयं ६६ ते ७४. एका आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, एका आजोबांना बीपी आहे. सगळ्यात लहान मूल ४ वर्षांचं. मोठ्यांपैकी निम्म्यांना पोहता येत नाही आणि सहा जण पूर्ण शाकाहारी. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या फहार्दोहून इकाकोस बेटावर जाणारी कॅटामरानची (दोन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीची) दिवसभराची सफर घ्यावी का, सगळ्यांबरोबरची घ्यावी की स्वतंत्र बोट, आणि आई-बाबांना ती झेपेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मूळचा मालवणकडचा. इथे फहार्दोच्या किनाऱ्यावरून दिवसाच्या सफरी करणाऱ्या कॅटामरानवर आधी डेकवर होतो, आता सुकाणूवर असतो. त्यामुळे जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा वेगळ्या ठिकाणाहून मला ही सफर दिसते, आणि तिथूनच उत्तर देतो.

तुमचा प्रश्न कंपनी निवडण्याचा वाटतो, पण खरी अडचण वेगळीकडे आहे. इकाकोसला जेटी वापरून उतरायचं नसतं. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडी धक्क्याला लागते आणि माणूस पायरीवर पाय ठेवतो. इथे बोट किनाऱ्यापासून थोडी अलीकडे नांगर टाकते, मागच्या बाजूला शिडी सोडली जाते आणि माणसं पाण्यात उतरून वाळूपर्यंत जातात. पाणी कमरेएवढं असेल, छातीएवढं असेल, किंवा पाय टेकणारही नाहीत. त्या दिवशी बेटासमोर किती बोटी आधीच उभ्या आहेत, वारा कुठून आहे आणि वाळूचा उथळ पट्टा कुठवर आलेला आहे, यावर ते ठरतं. तुमच्या १९ जणांचा दिवस कसा जाईल, हे त्या शिडीवर आणि त्यापुढच्या तीस-चाळीस मीटर पाण्यावर अवलंबून आहे.

म्हणून आधी शिडीबद्दल सविस्तर सांगतो.

लोकांना उतरण्याची भीती वाटते. उतरणं सोपं असतं, पाणी शरीर उचलून धरतं. अवघड असतं ते परत चढणं. तासभर पाण्यात राहून दमलेला माणूस शिडी धरतो आणि पाण्यातून बाहेर येताना स्वतःचं सगळं वजन एकदम हातांवर आणि गुडघ्यांवर येतं. त्यात बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, म्हणजे पायरी जागेवर राहत नाही. चाळिशीतला धडधाकट माणूसही पहिल्यांदा इथे अडखळतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींसाठी दिवसातला सगळ्यात कठीण क्षण हाच असणार.

याची परीक्षा घरबसल्या होऊ शकते. तुमच्या हॉटेलच्या किंवा जर्सीतल्या जिमच्या पोहण्याच्या तलावाला स्टीलची उभी शिडी असेलच. आई-बाबांना खोल बाजूला, तुम्ही शेजारी राहून, त्या शिडीने उतरवा आणि पुन्हा वर चढायला सांगा. मागून कुणी ढकलायचं नाही, वरून कुणी ओढायचं नाही. जमलं तर समुद्रातही जमण्याची चांगली शक्यता आहे. नाही जमलं, तर त्यांनी बोटीवरच राहायचं हे तिथेच ठरवा आणि त्यांना तसं आधीच मोकळेपणाने सांगा. ऐन वेळी, सगळे पाण्यात उड्या मारत असताना, "आई, तुम्ही नका उतरू" असं म्हणणं त्यांना लागतं. आणि आपल्याकडची माणसं नातवंडांच्या उत्साहाखातर "मी येते की" म्हणून उतरतात.

बोटीवर राहणं ही शिक्षा नाही, हे मनापासून सांगतो. चांगल्या कॅटामरानवर मधल्या भागात सावली असते, बसायला ऐसपैस जागा असते, नांगर टाकल्यावर हालचाल बरीच कमी होते. पेलिकन पाण्यात सूर मारताना अगदी जवळून दिसतात. पाणी इतकं नितळ असतं की वरूनच तळाची वाळू दिसते. कितीतरी आजी-आजोबा मी असे निवांत बसलेले पाहिलेत. फक्त त्यांच्याबरोबर कुटुंबातलं एक जण कायम राहील, आणि ती पाळी बदलत राहील, एवढं बघा. एकाच सुनेवर तो दिवस टाकू नका.

जे शिडी वापरणार आहेत त्यांच्यासाठी पद्धत अशी. एका वेळी एकच माणूस. पायातले फिन्स (पोहताना घालायचे रबरी पंजे) पाण्यातच काढून वर द्यायचे, मगच पायरीवर पाय. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरायची, लाट बोट उचलून खाली आली की त्या शांत क्षणी पाय रोवायचा आणि न थांबता वर यायचं. ज्याची पाळी नाही त्याने शिडीपासून दोन-तीन मीटर लांब तरंगत राहायचं. बोटीचा मागचा भाग लाटेवर उचलला जातो आणि जोरात खाली आपटतो, त्याच्या खाली डोकं असता कामा नये. मुलांना हे आदल्या रात्री समजावून सांगा, कारण शिडीभोवती घोळका करायची सवय त्यांनाच जास्त असते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टींकडे. पहिली म्हणजे वारा.

या भागात वर्षभर पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. तुमचा डिसेंबरचा शेवट म्हणजे त्यांचा जोर वाढण्याचा काळ. अटलांटिकवर हवेचा दाब वाढला की वारा २० ते २५ नॉटपर्यंत (ताशी साधारण ३७ ते ४६ किलोमीटर) जातो आणि असा बरेच दिवस टिकतो. इथले खलाशी त्यांना ख्रिसमसचे वारेच म्हणतात. फहार्दोहून बेटांकडे जाताना तोंड पूर्वेकडे, म्हणजे जवळजवळ वाऱ्यावर असतं. त्यामुळे जाताना बहुतेक वेळा इंजिन चालवावं लागतं, लाटा समोरून येतात, पाणी उडतं. परत येताना वारा पाठीमागून असतो, शीड उघडता येतं आणि तोच समुद्र एकदम शांत वाटायला लागतो. पहिल्या अर्ध्या तासावरून पूर्ण दिवसाचा अंदाज बांधू नका, एवढं ज्येष्ठांना सांगून ठेवा.

भरती-ओहोटीची काळजी मात्र करू नका. मुंबईला मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटरने वरखाली होतं, इथे फरक जेमतेम फूटभर. किनाऱ्याजवळची खोली तासातासाला बदलत नाही. बदलतो तो लाटांचा रेटा. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांमुळे लांबलचक लाटा उत्तरेकडून येतात. इकाकोस ज्या बेटांच्या रांगेत आहे ती ला कोर्दियेरा नावाची राखीव रांग फहार्दोच्या टोकापासून कुलेब्रा बेटाच्या दिशेने पसरलेली आहे, आणि ती व तिच्याभोवतीचे प्रवाळ या लाटांचा बराचसा जोर अडवतात. म्हणून आडोशाच्या बाजूला नांगर टाकलेली बोट बरीच स्थिर राहते.

याच कारणासाठी, कुणी तुम्हाला इकाकोसऐवजी कुलेब्राची सफर सुचवली तर या खेपेला नको म्हणा. कुलेब्राचा फ्लामेंको किनारा अप्रतिम आहे यात शंका नाही. पण तिथे जायला उघड्या समुद्रातून बराच जास्त वेळ लागतो. इकाकोस बहुतेक बोटींना अर्धा ते पाऊण तास. डिसेंबरच्या वाऱ्यात आजी-आजोबांसह एवढंच अंतर पुरे.

कॅटामरान दोन सांगाड्यांची असल्यामुळे एका कुशीवर कलत नाही, कप खाली पडत नाहीत, हे खरं. पण समोरून लाटा आल्या की ती झटक्याझटक्याने उसळते आणि दोन सांगाड्यांच्या मधल्या भागाखाली पाणी धाडकन आपटतं. आवाज मोठा असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी मोडलं असं वाटतं. मोडलेलं काही नसतं. पुढच्या बाजूला जे जाळं ताणलेलं असतं, फोटोत सगळे ज्यावर पहुडलेले दिसतात, तिथे जाताना सगळ्यात जास्त हादरे आणि सगळ्यात जास्त पाणी. घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्याला जे सोसावं लागतं, ते इथे पुढे बसणाऱ्याला. ज्येष्ठांना आणि ज्यांना गाडी लागते त्यांना मागे, मध्याजवळ, सावलीत बसवा. मुलांना जाळ्यावर परत येताना जाऊ द्या.

बोट लागण्याबद्दल. ज्याला पन्हाळ्याच्या नाहीतर आंबोलीच्या वळणांवर त्रास होतो त्याला इथेही होणार, असं धरून चाला. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, बोट सुटण्याच्या किमान तासभर आधी घ्यावी लागते. अमेरिकेत मेक्लिझिन आणि ड्रॅमामिन दुकानात सहज मिळतात, आई-बाबा बहुधा भारतातून अ‍ॅव्होमिन घेऊन आले असतील. या सगळ्यांनी कमी-जास्त झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी, आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी घेतली असेल त्याने नंतर रमपासून दूर राहावं. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. सकाळी टोस्ट, केळं, थोडा उपमा एवढं बास. आलेपाकाची वडी खिशात असू द्या, बऱ्याच जणांना तिने खरंच बरं वाटतं. नजर क्षितिजावर ठेवायची, फोनमध्ये नाही, आणि मळमळायला लागलं की आतल्या केबिनमध्ये जाऊन पडायचं नाही. उघड्या हवेत राहायचं.

आता बोट कुठली. इथे आकडा महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमाप्रमाणे तपासणी न झालेली छोटी बोट पैसे घेऊन जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकते. त्यापुढे एक जरी जास्त असला तर बोटीकडे कोस्ट गार्डचं तपासणी प्रमाणपत्र हवं आणि कप्तानाचा परवानाही त्या दर्जाचा हवा. प्रमाणपत्रावर किती माणसं नेता येतील ते लिहिलेलं असतं आणि ते बोटीवर दिसेल असं लावलेलं असतं. तुम्ही १९ आहात. "सगळ्यांना एकाच खासगी बोटीत नेतो, स्वस्तात" असं कुणी फोनवर म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारा: तपासणी प्रमाणपत्र आहे का, आणि त्यावर प्रवासी किती. उत्तर गोलमोल आलं तर विषय तिथेच संपवा. यात मी जराही सूट देत नाही. अशा बोटींवर विमा, लाइफ जॅकेट, रेडिओ, सगळंच राम भरोसे असतं.

सगळ्यांबरोबरची सफर की स्वतंत्र बोट? फहार्दोतल्या बऱ्याच मोठ्या कॅटामरान ४९ प्रवाशांपर्यंतच्या असतात. तिथे १९ तिकिटं काढली तर चाळीसेक टक्के बोट तुमची आणि बाकीची अनोळखी माणसांची. वेळापत्रक त्यांचं, संगीत त्यांचं, कुठे किती थांबायचं तेही त्यांचंच. माणशी खर्च साधारण १०० ते १५० डॉलरच्या घरात, वर कर आणि खलाशांची १५ ते २० टक्के टिप. पूर्ण बोट घेतली तर एकूण आकडा बराच मोठा होतो, पण आजोबांना चढायला दहा मिनिटं लागली तरी कुणी घड्याळ बघत नाही, संगीत बंद ठेवता येतं, आणि स्नॉर्केलिंगचा (मास्क आणि नळी लावून पाण्याखाली बघत तरंगण्याचा) थांबा कमी करून उथळ किनाऱ्यावर जास्त वेळ मागता येतो. तुमच्या ग्रुपचा विचार करता, आणखी ओळखीची दोन-तीन कुटुंबं जोडून पूर्ण बोट घेता आली तर मी ती घेईन. ते जमत नसेल तर सगळ्यांबरोबरच्या सफरीतही काही वाईट नाही. फक्त प्रौढांसाठीची, दारूवर भर असलेली सफर चुकून आरक्षित होऊ देऊ नका, आणि लहान मुलांसाठी किमान वय किती आहे ते आधी विचारा.

पैसे भरण्याआधी फोन करा आणि हे नेमकं विचारा. पाण्याखाली शिडीच्या किती पायऱ्या जातात? किनाऱ्याजवळ साधारण किती खोलीवर थांबता? न पोहणाऱ्यांना वाळूपर्यंत न्यायला छोटी होडी आहे का? ३० ते ५० पौंड वजनाच्या मुलासाठी लाइफ जॅकेट आहे का? सावलीत किती माणसं बसू शकतात? जो माणूस या प्रश्नांची उत्तरं न अडखळता देतो तो स्वतः बोटीवर काम केलेला असतो. नुसता तिकीट विकणारा "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" एवढंच म्हणेल.

दिवसाच्या निवडीत तुमच्या हातात थोडंच आहे, तरी सांगतो. इकाकोसवर शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना प्वेर्तो रिकोतली कुटुंबं स्वतःच्या मोटरबोटी घेऊन येतात. त्यांचा तो आनंदाचा दिवस असतो, मोठ्याने गाणी, शेजारी शेजारी लागलेल्या बोटी. बेटही त्यांचंच आहे. पण उथळ जागा त्या दिवशी भरलेली असते आणि आमच्यासारख्या मोठ्या बोटीला खोल पाण्यात थांबावं लागतं. मंगळवार ते गुरुवार गेलात तर वाळूच्या जवळ जागा मिळण्याची शक्यता खूप वाढते. तुमच्या निम्म्या मंडळींना पोहता येत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हा फरक इतरांपेक्षा मोठा आहे.

पोहता न येणाऱ्यांबद्दल. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरणं आणि स्नॉर्केलिंग करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जवळजवळ सगळ्यांना जमते. दुसरीत तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात ठेवायचा, आणि नाकपुड्या बंद असताना घाबरायचं नाही, हे शिकावं लागतं. ते शिकायची जागा तलाव आहे, समुद्र नाही. आदल्या दिवशी हॉटेलच्या तलावात उथळ बाजूला उभं राहून मास्क लावून पंधरा मिनिटं नुसता श्वास घेऊन बघा. चष्मा मास्कच्या आत बसत नाही, नंबरचे मास्क विकत मिळतात. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी थोडं पाणी झिरपणारच, ते डोकं वर काढून सोडून द्यायचं. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम चोपडलेलं असेल तर मास्क नीट चिकटत नाही.

बीपी असलेल्या आजोबांनी स्नॉर्केलिंग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तर नाहीच. ते दिसायला आरामाचं असलं तरी प्रवाहाविरुद्ध परत यायची वेळ आली की छातीवर चांगलाच ताण येतो. न पोहणाऱ्या प्रत्येकाबरोबर पोहता येणारं एक माणूस, आणि तेही हाताच्या अंतरावर. बोटीवरचा खलाशी सगळ्यांवर नजर ठेवतो, पण त्याचे डोळे दोनच असतात. ४ वर्षांच्या बाळाला फुगवायच्या दंडपट्ट्या अजिबात चालणार नाहीत. कोस्ट गार्डची मान्यता असलेलं, पायांमधून पट्टा येणारं, त्याच्या वजनाचं जॅकेट घरूनच आणा आणि ते त्याला दोन दिवस आधी घालून बघा. नवीन जॅकेट बोटीवर पहिल्यांदा दिसलं की मुलं रडून दिवस काढतात.

प्रवाळावर उभं राहू नका, हातही लावू नका. मोहरीच्या रंगाचा एक प्रकार दिसतो, त्याला लागलं की कातडी तासन्‌तास जळते. फटींमध्ये लांब काट्यांचे समुद्री साळू असतात. आणि मुळात ते प्रवाळ आधीच अडचणीत आहेत. २०१७ च्या मारिया वादळाने त्यांना मोडलं, २०१९ मध्ये ऊती गळून पडण्याचा एक रोग या बेटांच्या परिसरात दिसला. जे उरलं आहे ते एका टाचेखाली मोडायला वेळ लागत नाही. सनस्क्रीनही याच कारणासाठी झिंक ऑक्साइडचं घ्या. शेजारच्या अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२० पासून प्रवाळाला घातक ठरलेल्या रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी आहे. फवाऱ्याचं सनस्क्रीन बोटीवर नकोच, ते वाऱ्याने उडून डेकवर बसतं आणि त्यावरून माणसं घसरतात.

ऊन डिसेंबर आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. फहार्दो साधारण पुण्याच्याच अक्षांशावर आहे, १८ अंश उत्तर. त्यात पाण्यावरून परतणारं ऊन आणि वाऱ्यामुळे चटका न जाणवणं, यामुळे जर्सीच्या थंडीतून आलेली कातडी दोन तासांत भाजते. सगळ्यात चांगला उपाय पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग. आई, सासूबाईंनाही त्यात संकोच वाटत नाही. सुती सलवार-कमीज भिजून जड होते, ओढणी शिडीत अडकते, ती किनाऱ्यावर राहू द्या. अंगठ्या, बांगड्या आणि मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत. पाण्यात बोटातली अंगठी कधी निसटली ते कळत नाही, आणि वाळूत पडलेली सापडत नाही.

आता एक गोष्ट जी कुणी विचारत नाही. इकाकोसवर वस्ती नाही. शौचालय नाही, पिण्याचं पाणी नाही, दुकान नाही. शौचालय फक्त बोटीवर, आणि ते सांगाड्याच्या आत, तीन-चार उंच पायऱ्या उतरून. बोट चालू असताना तिथे उतरणं ज्येष्ठांना जड जातं, म्हणून सगळ्यांनी मरिनातच, म्हणजे बोट सुटते त्या बंदरावरच, जाऊन यायचं आणि पुढची फेरी बोट नांगरल्यावर. आपल्याकडच्या आया हे ऐकलं की पाणी पिणंच बंद करतात. प्रवासभर तहान मारत बसतात. या उन्हात आणि बीपीच्या गोळ्यांवर तसं करणं धोक्याचं आहे. त्यांच्या हातात बाटली द्या आणि दर अर्ध्या तासाला दोन घोट प्यायला लावा.

जेवणात बहुतेक बोटींवर सँडविच, चिप्स, फळं असतात. सँडविचमध्ये हॅम किंवा टर्की. आरक्षण करतानाच सहा शाकाहारी आहेत हे लेखी कळवा आणि अंडं, मासे चालत नाहीत हे वेगळं लिहा, कारण इथे शाकाहारी म्हटल्यावर ट्यूना देणारेही भेटतात. तरी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी घरून आणलीत तर कुठलाही खलाशी अडवणार नाही. काचेची बरणी मात्र नको, डेकवर सगळे अनवाणी असतात. बेटावर काहीही मागे राहता कामा नये, संत्र्याची सालसुद्धा.

कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत म्हणून सांगतो. प्वेर्तो रिको अमेरिकेचाच प्रदेश आहे, नेवार्कहून येणारं विमान देशांतर्गत असतं, पुन्हा प्रवेशाचा शिक्का लागत नाही. तरी पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत जवळ ठेवा, एच-वन वाल्यांनी मंजुरीचं पत्रही, कारण सान हुआनच्या विमानतळावर अधिकारी विचारू शकतात. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर जाणारी कुठलीही सफर मात्र घेऊ नका. तो वेगळा देश ठरतो, आणि परत येताना नव्याने प्रवेश करावा लागतो. परतीच्या विमानाआधी सगळं सामान कृषी खात्याच्या तपासणीतून जातं, तेव्हा ताजे आंबे वगैरे भरून ठेवू नका.

आणि एखाद-दोघांना बोट नकोच असेल तर त्यांचा दिवस वाया घालवू नका. जवळच लुकियोचा किनारा आहे, नारळांची रांग, उथळ शांत पाणी, शौचालयं, आणि शेजारी खाण्याच्या टपऱ्यांची लांबच लांब ओळ. फहार्दोत सेव्हन सीज नावाचा असाच आडोशाचा किनारा आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना तिथे वाळूतून चालत कमरेएवढ्या पाण्यात जाता येईल, शिडीचा प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी मला तीच जागा जास्त आवडेल.

शेवटी आरक्षणाची तारीख. सफर सुट्टीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी नको. डिसेंबरात वारा वाढला तर कप्तान सकाळी आठ वाजता सफर रद्द करू शकतो, आणि त्याने रद्द केली तर त्याच्याशी वाद घालू नका. पैसे परत की दुसरी तारीख, हे आरक्षण करतानाच लेखी घ्या. मोकळा दिवस हाताशी असेल तर त्या सकाळी एल युंकेच्या पावसाळी जंगलात जाऊन या. फहार्दोहून ते गाडीने जवळ आहे, आणि समुद्रावर वारा असला तरी तिथे झाडांखाली त्याचा फारसा त्रास होत नाही. तुमच्या ग्रुपचं नाव पुढच्या तारखेच्या यादीत चढलं आहे की नाही, ते मात्र निघण्यापूर्वी फोन करून विचारा, कारण त्या आठवड्यात बोटी भराभर भरतात.